पाच ठोके

सेव्हेरिन सर शिवोलीहून यायचे,
सात वीसच्या फेरीबोटीनं, उभ्यानंच.
हातात ते पुस्तक,
निळा पुठ्ठा खाऱ्या वाऱ्यानं फुगलेला,
चहात बुडवलेल्या पावासारखा.

नदीकडे बघत इंग्रजी पुटपुटायचे.
माशांची पाटी पायांत धरून बसलेली सांतान
एकदा म्हणाली, "कोणाचें तें, मास्तर?"
"एका कवीचं. मरून चारशे वर्षं झाली."
तिनं पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं.
"मगीर अजून किद्याक उलयता तो?"

सर हसले नाहीत.
वर्गात आले, कालची भूमिती पुसली
आणि तिचा प्रश्न, तिच्याच कोकणीत,
फळ्यावर लिहून ठेवला.
आठवडाभर तो तिथंच होता,
बेरजा त्याच्या खाली.

आम्ही आगरवाड्याची पोरं.
टाचांच्या भेगांत मीठ.
त्या कवीच्या देशातलं बर्फ आम्हाला कळेना,
आणि बर्फ कळल्याशिवाय वसंत तरी काय कळणार.
मी विचारलं, "सर, अर्थ?"
"भरतीचं पाणी आगरात घेतलं
की तुझा बाप त्याच संध्याकाळी फावडं मारतो?"

नाही मारत.
मानशीचं दार उघडतो, पाणी आत घेतो, दार लावतो.
मग एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत.
मग ऊन.
मग बांधावर बसून विडी,
आणि एखादा ढग दिसलाच तर त्याला शिव्या.

अर्थ सांगितला नाही, ताल शिकवला.
बाकावर मुठी:
हलका, जड, हलका, जड,
ओळीत पाच जड.
मला लगेच जमलं.
पौषात आगराचा तळ आम्ही असाच तुडवायचो,
सगळं घर एका रांगेत, चिखल दगड होईपर्यंत.
खिडकीखालून जाताना बाप थबकला, म्हणाला,
"शाळेतही तुडवायलाच लावतात तर
फी कसली घेतात?"

पुढं पूल झाला. फेरी गेली.
सांतान बाजारात रिक्षानं जाऊ लागली, मग जाईनाशी झाली.
मी पेडण्याला पतसंस्थेत,
दुसऱ्यांच्या कर्जांवर शिक्के मारत.

बांध फुटला त्या वर्षी
एक माणूस टाइप केलेला कागद घेऊन आला.
आगर तसंही बुडालेलं, भाव बरा.
पेन त्याचंच.
आणि नाव लिहायला खाली वाकलो तेव्हा
ती कविता आली.
शब्द नाही आले, शब्द कधीच गेलेत.
पाच ठोके आले,
आणि पाचव्यानंतर सर थांबायचे, ती जागा.
खिडकीबाहेर बघायचे तिथं. तेवढी.

मी पेनाला टोपण लावलं.

कवितेनं आगर वाचवलं, असं नाही म्हणत मी.
तो माणूस जूनमध्ये पुन्हा आला,
निम्मं आता त्याचं आहे, तिथं कोळंबी आहे.
उरलेल्या तीन कोंडींत मी आणि माझी भावजय
रविवारी उतरतो.
पण त्या दिवशी मी जे केलं ते
घाईत केलं नाही.
बापाला मरताना मी हेच सांगितलं,
त्याला पटलं की नाही, ठाऊक नाही.

गेल्या मे महिन्यात शिवोलीला गेलो.
सर बलकांवात खुर्चीवर, पाय उशीवर.
बहीण म्हणाली, आता काही आठवत नाही,
कॉफी प्यालेलीही नाही.
मी पिशवी सोडून मिठाचे दोन खडे
त्यांच्या तळहातावर ठेवले.
ते त्यांनी मिटून धरले.
दुसऱ्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर:
हलका, जड. हलका, जड.
चार झाले.

मी वाट पाहिली.
गल्लीतून पोदेर भोंपू वाजवत गेला.
बोट तसंच, अधांतरी.

पाचवा माझ्या टाचेनं पडला, खाली, लाद्यांवर.
मला न विचारता.

सरांनी माझ्या पायाकडे पाहिलं, बराच वेळ.
मग एक खडा जिभेवर ठेवला
आणि वहीतली चूक सापडावी तसं
म्हणाले,
"खारट."